हेमाताईंचं नाक

आमच्या मजल्यावर कुणाचं दूध लागलं, की घरातल्या माणसाच्या आधी ते हेमाताईंना कळायचं. बेल वाजायची. दार उघडावं तर समोर हेमाताई उभ्या, चष्मा कपाळावर चढवलेला, लांब सरळ नाक किंचित वर केलेलं, आणि तोंडात एकच शब्द, "लागलंय." आपण स्वयंपाकघराकडे धावेपर्यंत त्या आपल्या दाराआड गेलेल्याही असायच्या.

प्रभादेवीच्या एका आतल्या गल्लीत आमची तीन मजली जुनी इमारत होती. समुद्र दिसायचा नाही, पण खिडक्यांच्या गजांना गंज चढायचा त्यावरून तो जवळ आहे हे कळायचं. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा सासूबाईंनी समोरच्या दाराकडे बोट करून मला सांगितलं, "ही हेमलता त्रिलोकेकर. हिच्यापासून काही लपवायला जाऊ नकोस. वासावरून ओळखते." मला ती चेष्टा वाटली. पण आठवडाभरात मी माहेरी राहून आले, आणि जिन्यात भेटल्याबरोबर हेमाताई म्हणाल्या, "हळदीच्या पानांचा वास येतोय तुझ्या साडीला. आईनं पातोळ्या केल्या वाटतं?" केल्या होत्या.

हेमाताईंनी सगळी नोकरी फोर्टातल्या एका कॉफीच्या पेढीत केली. दक्षिणेतल्या मळ्यांतून नमुने यायचे. ते भाजायचे, दळायचे, ओळीनं कप मांडायचे, प्रत्येक कपावर नाक धरायचं, एक चमचा भुरकायचा, थुंकायचा, आणि निकाल द्यायचा. त्या खोलीत त्या एकट्या बाई. "पुरुष सिगारेटी ओढून यायचे गं," त्या सांगायच्या. "त्यांना काय कपाळ कळणार? मान हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे." या कामासाठी त्यांनी कधी अत्तर लावलं नाही, पावडर लावली नाही, केसात गजरा माळला नाही. लग्न केलं नाही त्याचं कारण मात्र त्यांना कुणी विचारलं नाही, किंवा विचारणाऱ्याला उत्तर मिळालं नसावं. आई होती तोवर दोघी राहायच्या. आई गेल्यावर त्या एकट्या.

निवृत्त झाल्या तरी कॉफी सुटली नाही. माटुंग्याला रामन म्हणून एक दुकानदार होते, त्यांच्याकडून त्या भाजलेल्या बिया आणायच्या. दळलेली पूड कधीच नाही. "बी जिवंत असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "दळली की मेली. मग किती वेळ वास टिकतो, एवढंच बघत बसायचं."

त्या जिवंत बियांचा संसार मांडावा तर हेमाताईंनीच. आतल्या खोलीत शिसवी कपाट होतं. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, भिंतीपासून जरा पुढे, पत्र्याचे डबे. मोठा, मधला, धाकटा, अगदी लहान. ताज्या भाजलेल्या बिया आणल्या की दोन-तीन दिवस त्यांना हात लावायचा नाही, झाकण किंचित सैल ठेवायचं. "भाजून आली की ती धापा टाकत असते. जरा दम खाऊ दे." मग झाकण घट्ट. बिया निम्म्यावर आल्या की त्या मधल्या डब्यात, तिथे कमी झाल्या की धाकट्यात. मी एकदा म्हटलं, असू देत की त्याच डब्यात, काय बिघडतं? तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. "अर्धा डबा रिकामा, म्हणजे त्यात तू हवा भरून ठेवलीस. हवाच खाते तिला."

काचेची बरणी त्यांना चालायची नाही, कारण उजेड. शेगडीवरची फळी चालायची नाही, कारण ऊब. आणि फ्रीजचं तर नाव काढायचं नाही. "तिथे कांदा, कालचं कालवण, फोडलेला फणस. सगळ्यांचा वास पिऊन बसते ही. आणि बाहेर काढलीस की अंगावर दव धरते. मेलीच मग." लागेल तेवढीच मूठ बाहेर काढायची, टेबलाच्या कडेला बसवलेल्या हातयंत्रात दळायची, आणि दळता दळता बोलायचं नाही. यंत्राचा खाना उघडला की पहिला वास त्यांचा. डोळे मिटून, मान खाली घालून, पूजेला बसल्यासारख्या. मग मान वर करून म्हणायच्या, "हं." त्या एका 'हं'वर आमची रविवार सकाळची कॉफी ठरायची.

त्या कपाटाला हात लावायची परवानगी जगात दुसऱ्या एकाच माणसाला होती. सुनंदा. वरळी कोळीवाड्यातून ती रोज सकाळी चालत यायची. केरफरशी, भांडी, कपडे. कपाट पुसायच्या आधी ती साबणानं हात धुवायची आणि कोरडे करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं हेमाताईंकडे बघून उचललं होतं. दोघी दिवसभर एकमेकींवर खेकसायच्या. "बाई, तुमी सरका बघू." "तू आधी तो बोळा पीळ." आणि काम झालं की सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कॉफी प्यायची. बस म्हटलं तरी बसायची नाही. हेमाताईंच्या घराची किल्ली तिच्या कमरेला असायची.

या नाकाचा इमारतीवर मोठा उपकारही होता. एका दुपारी हेमाताई झोपेतून उठल्या आणि जिना उतरून खाली गेल्या. जिन्याखाली मीटरची पेटी होती. सेक्रेटरी कदमांना त्यांनी हाक मारून बोलावलं. "रबर जळतंय." कदमांनी हुंगलं, त्यांच्या दोन्ही मुलांनी हुंगलं. कुणालाच काही नाही. कदम हसले. "हेमाताई, वय झालं आता." त्या हलल्या नाहीत. "पेटी उघडा. नाहीतर मी उघडते." वायरमनला बोलावून पेटी उघडली तेव्हा आत एक वायर वितळून दुसरीवर गळत होती. लाकडी जिना, वरती आम्ही सगळे. त्या दिवसापासून इमारतीत कुणाला आगीची भीती राहिली नाही. हेमाताई आहेत ना, असं सगळेच म्हणायला लागलो.

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. साधाच. सर्दी, अंगदुखी, दोन-चार दिवस अंथरुणात. मी पेज करून नेली, सुनंदानं तुळशीचा काढा पाजला. त्या उठल्या, हिंडूफिरू लागल्या, आणि आम्ही विसरून गेलो.

पुढच्या रविवारी मी गेले. हेमाताईंनी बिया काढल्या, दळल्या, खाना उघडला, मान खाली घातली. खूप वेळ मान वर आली नाही. मग त्यांनी डबा आणला, झाकण काढून आत नाक घातलं, झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"शिळी आहे ही," त्या म्हणाल्या.

मी कप तोंडाला लावला. मला काहीच फरक जाणवला नाही. तसं सांगितलंही.

"तुला कळत नाही, वृंदा. ही शिळी आहे. ओल गेलीय आत."

त्यांनी ते डबे फेकून दिले. इतक्या वर्षांचे डबे. रबराची कडी असलेले, झाकणाला चाप असलेले नवे आणले. पुढच्या बियाही शिळ्या निघाल्या. मग बियांच्या लहान पुड्या बांधून, दाबून हवा काढून, त्या डब्यात ठेवल्या. त्याही शिळ्या. कपाटाची जागा बदलली. समुद्राची ओल येते म्हणून आतल्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या. समोर टॉवरचं बांधकाम चाललं होतं, त्याची धूळ येते म्हणून पुढच्याही. फटींत वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या कोंबल्या. शेवटी, ज्याचं नाव काढू देत नव्हत्या त्या फ्रीजमध्ये, अगदी बर्फाच्या कप्प्यात, त्यांनी पुड्या ठेवून पाहिल्या. देवावरची श्रद्धा उडालेल्या माणसानं ज्योतिषाकडे जावं तसं ते होतं.

त्या बारीक होत चालल्या. जेवण जात नाही म्हणायच्या. माझं दूध त्या महिन्यात दोनदा लागलं आणि बेल वाजली नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावल्यात.

एका शनिवारी त्या मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर माटुंग्याला. साक्षीदार पाहिजे." रामन यांचं दुकान एवढंसं. दारात भट्टी, आत पोती, आणि गल्लीच्या तोंडापासून कॉफीचा वास. हेमाताई सरळ काउंटरपाशी गेल्या आणि पुडा ठेवला.

"जुना माल देता मला? इतक्या वर्षांनी?"

रामन घाबरले. वयानं तेही पिकलेले. "मॅडम, परवा भाजली. माझ्या हातानं भाजली. तुमच्यासाठी मी मुलाला हात नाही लावू देत."

"मला शिकवू नका. मी या वासावर आयुष्य काढलंय."

रामननी पुड्यातली एक बी घेतली, दाताखाली फोडली, हळूहळू चावली. माझ्याकडे पाहिलं. मग पुडा आत ठेवला, भट्टीजवळच्या ताटातून नुकत्याच निवलेल्या बिया नव्या पुड्यात भरल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केल्या. हेमाताईंनी तिथेच पुडा उघडला, नाक लावलं, आणि तो काउंटरवर तसाच सोडून त्या रस्त्यावर आल्या. मी मागे वळले तेव्हा रामननी मला हळूच विचारलं, "मॅडमची तब्येत बरी आहे ना?"

टॅक्सीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "माणसं बदलतात गं. ओळखीचा फायदा घेतात." माझ्या अंगावरच्या ओढणीला अजून त्या दुकानाचा वास येत होता, आणि तो मला चांगला ताजा वाटत होता. पण त्यांच्या नाकापुढे माझ्या नाकाची काय प्रतिष्ठा!

त्यानंतर संशय सुनंदावर आला. सकाळी ऑफिसला निघताना मी दाराला कुलूप घालत होते. समोरचं दार उघडं होतं. आत हेमाताईंचा आवाज चढलेला.

"झाकण नीट लावतेस ना तू?"

"लावते बाई. रोज काय तेच विचारता?"

"मग बिया जातात कुठे? चांगल्या जातात आणि या मेलेल्या राहतात?"

सुनंदा केर काढत बाहेरपर्यंत आली होती. ती उंबऱ्यात थांबली. "म्हंजे?"

"म्हणजे तुला कळतंय. चांगल्या काढून नेतेस आणि कुठल्यातरी जुन्या आणून भरतेस. दुसऱ्या कुणाचा हातच नाही त्या कपाटाला."

वरच्या मजल्यावरून कदमकाकू खाली येत होत्या, त्या जिन्यातच थबकल्या. माझी किल्ली कुलुपात तशीच राहिली. सुनंदानं झाडू भिंतीला टेकवला. तिनं कमरेची किल्ली काढली, पदरानं पुसली आणि उंबऱ्यावर ठेवली.

"चोर म्हनलात बाई मला," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सगळ्यांच्या समोर."

आणि ती आमच्या दोघींच्या मधून, कुणाकडे न बघता, जिना उतरून गेली. हेमाताई किल्लीकडे बघत उभ्या राहिल्या. "हेमाताई, सुनंदा असं करेल?" मी म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर त्या दारातून फारसं कुणी आत-बाहेर झालं नाही. रविवारची कॉफी बंद झाली. खिडक्या बंद. दिवाही लवकर लागायचा नाही. कदमांनी एकदा त्यांच्या पुण्याच्या भाच्याला, सलीलला, फोन करायची गोष्ट काढली. हेमाताईंना ते कळलं आणि त्या जिन्यात कदमांना म्हणाल्या, "मला इथून हलवायचंय का तुम्हाला?" तो विषय तिथेच संपला.

मग तो दिवस. मी ऑफिसातून नेहमीच्या वेळी परत आले. बाहेर पाऊस नव्हता, पण हवा दाबलेली. पहिल्या मजल्याच्या वळणावर मला वास आला. प्रथम वाटलं, कुणीतरी काहीतरी सडकं टाकलंय. वर आले तसा तो वाढला. आमच्या दाराशी आधी गेले, फटीला नाक लावलं. नाही. वळले. हेमाताईंच्या दाराच्या खालच्या फटीतून गॅस येत होता, इतका की घशाला लागला.

बेलकडे गेलेला हात मी मागे घेतला. कुठेतरी वाचलं होतं, बेलच्या ठिणगीनंही पेट घेतो. मी दारावर थापा मारल्या. "हेमाताई!"

आतून त्यांचा आवाज आला, अगदी रोजचा. "थांब गं. शेगडी विझलीय माझी, तेवढी पेटवते आणि येते."

मी आयुष्यात तेवढी कधी ओरडले नसेन. "पेटवू नका! काही पेटवू नका! हेमाताई, हातातलं खाली ठेवा! दिवा लावू नका!"

मी दाराला दोन्ही हात लावून उभी होते आणि मला वाटत होतं, आता. आता. वरून कदम "काय झालं?" म्हणून धावत येत होते, त्यांना मी ओरडून सांगितलं, खाली जा, मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा.

कडी वाजली. दार उघडलं. हेमाताई समोर उभ्या. एका हातात कॉफीचा लहान डबा, दुसऱ्या हातात लायटर.

मी लायटर हिसकावून घेतला आणि त्यांना ढकलूनच आत गेले. शेगडीवर दूध उतू गेलेलं, बर्नर विझलेला, बटण पूर्ण उघडं. बटण बंद केलं, पाइपची चावी बंद केली. मग खिडक्या. कागदाच्या गुंडाळ्या ओढून काढता येईनात, नखं तुटली. एक उघडली, दुसरी उघडली, पुढच्या खोलीतल्या उघडल्या. माझं डोकं गरगरत होतं. त्यांचा दंड धरून मी त्यांना बाहेर आणलं आणि जिन्याच्या पायरीवर बसवलं. लायटर माझ्या मुठीत होता. मूठ उघडेना.

"काय झालं तुला?" हेमाताई म्हणाल्या. "दूध उतू गेलं, एवढंच ना?"

"गॅस, हेमाताई! घर भरलंय गॅसनं! तुम्ही आत बसला होतात!"

"कुठे आहे गॅस?"

त्यांनी मान वर केली. नाक वर केलं, वर्षानुवर्षं करायच्या तसं. एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. दाराकडे वळून घेतला. मी शेजारी पदर नाकाला लावून खोकत होते, खाली अंगणात लोक जमून बोलत होते, वास येतोय, वास येतोय. आणि त्या तिथे बसून पुन्हा पुन्हा श्वास घेत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला तो बघवेना आणि नजरही काढता येईना.

बऱ्याच वेळानं त्यांनी हातातला डबा उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"ही कॉफी कशी आहे?"

गॅसच्या त्या वासातूनही ती कळत होती. "ताजी आहे."

"खरं सांग."

"ताजी आहे, हेमाताई. छान आहे."

"आणि याच्या आधीची?"

"तीही होती."

"रामनकडे परत केली ती?"

मी मान डोलावली. त्यांनी झाकण लावलं. चाप लवकर बसेना. चाप बसल्यावर त्या म्हणाल्या, "सुनंदा." एवढंच. प्रश्न नव्हता तो.

त्या रात्री त्या आमच्याकडे झोपल्या. सकाळी कदम म्हणाले, सलीलला आपणच कळवूया, त्या नाही सांगणार. पण तोवर हेमाताईंनीच फोन लावला होता. "सलील, मला वास येत नाही. तापापासून येत नसावा. काल घर उडवलं असतं मी, खाली-वरच्या माणसांसकट. तुला दुसऱ्याकडून कळायच्या आधी सांगतेय." तो संध्याकाळपर्यंत येऊन दाखल झाला. भला मुलगा, पण घाबरलेला. पुण्याला चल म्हणून हटून बसला. त्यानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले की अशा तापानंतर वास जातो कधी कधी, परत येईल किंवा नाही येणार, नाकाचा व्यायाम म्हणून रोज चार ठरावीक वस्तू हुंगत राहायच्या. सलील म्हणाला, "आत्या, नाही आला परत तर?"

"नाक गेलंय माझं," हेमाताई म्हणाल्या. "मी नाही गेले."

त्यांनी स्वतः अर्ज करून गॅस काढून टाकला. विजेची शेगडी आणली. तिच्यावर नीट भाकरी होत नाही म्हणून चार दिवस शिव्या घातल्या. कदमांच्या मुलानं धुराची घंटा बसवून दिली. सलील परत गेला.

मग त्या मला म्हणाल्या, "कोळीवाड्यात येशील?"

मी म्हटलं, काही घेऊन जाऊया, सुनंदाला साडी वगैरे. त्या म्हणाल्या, "नको. हातात काही दिसलं तर तिला वाटेल भरपाई करायला आले. भरपाई नाही होत याची."

दुपारची वेळ होती. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना घरं, मध्येच जाळी पसरलेली. विचारत विचारत गेलो. समुद्राच्या बाजूला मोकळ्या जागेत बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, आणि तिथे सुनंदा जावेबरोबर ते उलटे करत होती. आणखी चार-सहा बायका होत्या. आम्हाला बघून ती उठली नाही.

हेमाताई तिच्यापासून दोन हातांवर थांबल्या. उन्हात उभ्याच. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी हिला चोर म्हटलं होतं. हिनं काही घेतलेलं नव्हतं. माझं नाक गेलंय आणि मला ते कळलं नाही. हे मी चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांत सांगायला आलेय."

बायकांचे हात थांबले. सुनंदानं हातातला बोंबील बांबूवर अडकवला, मग दुसरा.

"नाक गेलं म्हून तुमाला वास नाय आला, बाई," ती म्हणाली. "ते समजलं मला. पन चोर बोलली ती जीभ ना?"

मला वाटलं, आता हेमाताई काहीतरी सांगतील, आजाराचं, एकटेपणाचं. त्यांनी मान खाली घातली.

"हो. जीभच."

मग सुनंदा उठली, हात झटकले. "उन्हात कशाला उभ्या राहताय? चक्कर येईल." ती आम्हाला घरात घेऊन गेली, पाणी दिलं. कामावर येशील का असं हेमाताईंनी विचारलं नाही, आणि तीही येते म्हणाली नाही. आली नाहीच. तिथून निघताना हेमाताईंनी तिला विचारलं, "इथे वास असेल ना गं?" सुनंदा हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. "लय आहे बाई. या वृंदाताईंचं तोंड बघा की."

रामनकडे त्या एकट्याच गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. येताना हातात पुडा होता.

कॉफी त्यांना गरम पाण्यासारखी लागायची, कडू गरम पाणी. तरी त्यांनी बिया ठेवणं सोडलं नाही. खिडक्या उघड्या झाल्या, कपाट जागेवर गेलं, नवे डबे पुन्हा मोठा, मधला, धाकटा असे मांडले गेले. ताजेपणा आता त्या दुसऱ्या वाटेनं शोधायच्या. बी दातानं फोडून आवाज ऐकायच्या. दळलेल्या पुडीवर गरम पाण्याची धार धरून ती फुगते कशी, फेस किती धरते ते बघायच्या. आणि मग तिथे जो कुणी असेल त्याला विचारायच्या, "सांग. कसा येतोय?" नुसतं छान म्हटलेलं चालायचं नाही. "छान म्हणजे काय? गुळासारखा? ओल्या लाकडासारखा? नीट सांग." काही महिन्यांनी एका रविवारी बेल वाजवून सुनंदा आली. कामाला नाही, भेटायला. ती खुर्चीवर बसली आणि तिनं कॉफी प्यायली. तिचं उत्तर आमच्या सगळ्यांपेक्षा लांबलचक असायचं, आणि हेमाताई ते डोळे मिटून ऐकायच्या. मधूनमधून ती येत राहिली. दोघी पूर्वीसारख्या एकमेकींवर खेकसत मात्र नव्हत्या. जरा जपूनच बोलायच्या.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि आम्ही जागा सोडली. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी हेमाताई झोपेतच गेल्याचं कदमांनी कळवलं. मला जाता आलं नाही. त्यामुळे माझ्यासाठी त्या आहेत त्या आम्ही निघालो त्या दिवशीच्या.

टेम्पो खाली लागलेला. सकाळपासून मी खोकी बांधत होते, जिना चढत-उतरत होते, केस कपाळाला चिकटलेले. शेवटचं खोकं गेल्यावर हेमाताई खालपर्यंत आल्या. गळ्यात पडणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच. पण त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि मला जवळ घेतलं. उंच बाई, त्यांचं नाक माझ्या मानेपाशी आलं. मी म्हटलं, "हेमाताई, सांभाळून राहा हं." त्यांनी नाक ओढलं. मला वाटलं रडताहेत. सोडवून घेऊ लागले तर त्यांनी हात आणखी घट्ट केले.

"थांब," त्या म्हणाल्या. "हलू नकोस."

त्यांनी श्वास घेतला. मग आणखी एक, लांब.

"घामट आहेस तू, वृंदा."

"सकाळपासून सामान उचलतेय, हेमाताई."

"येतोय," त्या माझ्या मानेत पुटपुटल्या. "शी! किती घाणेरडा येतोय गं!"

टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. नवरा हाका मारत होता. हेमाताई मला सोडायला तयार नव्हत्या.